तीन शतांशांचा टिळा

मेडनहेड,
२४ ऑगस्ट २०२५

प्रिय शशीमामा,

नमस्कार. फोन कानाला लावला की तुमचं ऐकायचं यंत्र शिट्ट्या मारतं, आणि व्हॉट्सअ‍ॅप तुम्ही या जन्मी घेणार नाही. म्हणून नेहमीप्रमाणे पत्र. एडिनबराला स्वेटर निघाले का? इथे अजून लोक थेम्सच्या काठावर चड्ड्यांवर बसतात.

एक सल्ला हवाय. तुम्ही पस्तीस वर्षं इन्स्पेक्शन रूममध्ये मोजमापं केलीत, तेव्हा तुमच्याशिवाय कोणाला विचारू? मला एक मायक्रोमीटर घ्यायचाय, फार महाग नको. पितळेची एक लहानशी नळी आहे. तिच्या तोंडाशी भिंत किती जाड आहे ते मोजायचंय. आतून साधारण साडेपाच मिलिमीटर रुंद. ऑनलाइन बघितलं तर पंचवीस पौंडांपासून दीडशेपर्यंत सगळं दिसतं. एक डिजिटल आहे, एक साधा आहे, एकाच्या टोकाला मणी आहे. मला तर सगळे सारखेच वाटतात.

२८ सप्टेंबरला अवधूतचा वाढदिवस आहे, त्याच्यासाठी सरप्राइज आहे. त्याचे छंद तुम्हाला माहीतच आहेत. बाकी सगळं मजेत. तो मजेत, मी मजेत.

तुमची,
देवयानी

* * *

एडिनबरा,
२८ ऑगस्ट

चि. देवयानी,

आशीर्वाद. थापा मारायच्या तर नीट मारायला शिक. तुझ्या आईलाही कधी जमल्या नाहीत.

नळीला दोन टोकं असतात. तू 'तोंड' लिहिलंस. तोंड असतं बाटलीला, म्हणजे दुसरी बाजू बंद आहे. पितळ, एका बाजूने बंद, आतून साडेपाच मिलिमीटर, आणि भिंत इतकी पातळ की साध्या साधनाने मोजवत नाही. ही बंदुकीच्या काडतुसाची नळी आहे, आणि मोजायची आहे ती तिची मान, जिथे गोळी बसते. मी ब्याऐंशीचा झालो, कान गेले, डोकं जागेवर आहे.

दुसरं. नीना सांगत होती की अवधूतची रीडिंग गावातली नोकरी एप्रिलमध्ये गेली. माझ्या मुलीकडून मला कळतं, भाचीकडून नाही. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आणि जेवण बाजूला सारून लिहायला बसलो. देवयानी, तुझ्या घरात बंदूक आहे का? अवधूत बरा आहे ना? सरळ विचारतो, सरळ सांग. तोवर मायक्रोमीटरबद्दल अवाक्षर मिळणार नाही.

शशीमामा

* * *

मेडनहेड,
१ सप्टेंबर

प्रिय शशीमामा,

पकडलंत. माफ करा.

हो, रायफल आहे. गेल्या वर्षी तो टार्गेट शूटिंगच्या क्लबात जायला लागला आणि जूनमध्ये स्वतःची घेतली, क्लबातल्याच एका रिटायर्ड माणसाकडून. सगळं रीतसर आहे. पोलीस घरी येऊन भिंतीला ठोकलेलं लोखंडी कपाट तपासून गेले, आमच्या जीपी डॉक्टरांनाही विचारून झालं. तुमच्या मनात जे आलं ते माझ्याही मनात आलं होतं. कपाटाची किल्ली कुठे असते ते मला कळू द्यायचं नाही असा नियम, म्हणून मी आपली त्याच्या चेहऱ्यावर नजर ठेवून असायचे. पण झालं उलटंच. रेंजवर जाऊन आला की तो नीट जेवतो, बोलतो, अर्ज भरायला बसतो. एरवी दिवसभर सोफ्यावर. शूटिंग सोड म्हटलं तर मागे उरेल तो अवधूत मला नकोय. म्हणून सोड म्हणत नाही.

भीती वेगळीच आहे. ही रायफल आधीच्या मालकाने स्पर्धेसाठी मुद्दाम घट्ट करून घेतलेली आहे. काडतुसाची मान जिथे बसते तिथे केसाएवढीच जागा. त्यामुळे प्रत्येक नळीची मान बाहेरून सोलून पातळ करावी लागते. अवधूत ते गॅरेजमध्ये स्वतः करतो. क्लबच्या बार्बेक्यूला मी एका बाईंना सहज विचारलं, की समजा मान जाड राहिली तर? त्या म्हणाल्या, तर गोळीला सुटायला जागाच नाही, आतला दाब चढत जातो, आणि तुझ्या नवऱ्याचा गाल तिथून चार इंचांवर असतो. एवढं सांगून त्यांनी मला कोबीचा कोलस्लॉ वाढला.

मामा, तेव्हापासून माझं ऑफिसात लक्ष नाही. तो भिंत मोजतो व्हर्नियरने! विचारलं तर हसतो. 'देवू, एवढं काही नसतं गं.' निदान मोजमाप तरी खरं असू दे. पण महागातलं आणलं तर एका पगारात कशाला म्हणून परत करेल.

देवयानी

* * *

एडिनबरा,
६ सप्टेंबर

चि. देवयानी,

आता बोलता येईल.

व्हर्नियर बाद. त्याचे जबडे सपाट, नळी आतून गोल. सपाट जबडा गोल भिंतीला कडेने टेकतो आणि खोटं बोलतो. डिजिटल स्वस्तातला नको. पडद्यावर चार-चार आकडे दाखवतो, त्यातल्या शेवटच्या दोघांवर मी माझी मांजरसुद्धा सोपवणार नाही. दीडशेचा जपानी उत्तम, पण अवधूतला तेवढी गरज नाही. तू तो मण्याचा घे, साधा, मुठीला पुरेसा दाब झाला की टकटकत सुटणारी फिरकी असलेला. मणी मात्र नळीत सहज जायला हवा, म्हणजे चार मिलिमीटरपेक्षा मोठा नको. चाळीसेक पौंडांत मिळतो. घरी आला की एकच वस्तू दहा वेळा मोजून बघ. दहाही वेळा तेच सांगत असेल तर ठेव, नाहीतर परत कर. स्वस्त माणूस चालतो, धरसोड करणारा चालत नाही.

मग शून्य. हे नीट लिहून घे. दोन्ही तोंडं कोऱ्या कागदाने पुसायची. मग फिरकीने बंद करायचा, जोर लावायचा नाही. शून्य दिसलं पाहिजे. नसेल तर सोबतच्या आकडीने दांडा किंचित फिरवून शून्यावर आणायचा.

पाकिटात कागदात गुंडाळलेली एक पोलादी पट्टी आहे. बरोबर तीस शतांश मिलिमीटर जाड. मी तिला साक्षीदार म्हणत असे. दर वेळी कामाला बसण्याआधी ही पट्टी मोजायची. मायक्रोमीटर तीस म्हणाला तरच त्या दिवशी त्याच्यावर विश्वास ठेवायचा. माझ्या हातून एकदा शून्य तपासायचं राहिलं होतं. त्याबद्दल आज लिहीत नाही.

तू घाबरतेस ते योग्यच आहे. कोणीतरी घाबरायला हवं.

शशीमामा

* * *

मेडनहेड,
३ ऑक्टोबर

प्रिय शशीमामा,

दसऱ्याचा नमस्कार! उशीर झाला, पण आज मनावरचं ओझं उतरवूनच लिहायला बसलेय.

वाढदिवसाला मायक्रोमीटर दिला. अवधूतने डबी उघडली आणि फिरकी फिरवून बघितली. मग म्हणाला, 'तुला कसं कळलं नेमका असाच हवा ते?' मी म्हटलं, गूगल. तुमची पत्रं त्याला दाखवली नाहीत, त्यांत माझी सगळी भीती लिहिलेली आहे. शून्य कसं लावायचं तेवढं एका चिठ्ठीवर उतरवून डबीत ठेवलं.

आणि आता खरी गंमत. बुधवारी खंडेनवमी. अवधूत रीडिंगला इंटरव्ह्यूला गेला होता. (बरा झाला म्हणे, बघू.) मला एकदम कोल्हापूर आठवलं. उद्यमनगरात आजोबांचं वर्कशॉप, लेथला झेंडूची माळ, पाटावर मांडलेले पाने, छिन्न्या आणि व्हर्नियर. आई प्रत्येक हत्याराच्या थेट तोंडाला ओल्या कुंकवाचा टिळा लावायची. म्हणायची, 'माझ्या शशीदादाने शिकवलंय, हत्याराचं कपाळ म्हणजे त्याचं तोंड.' मग मीही पाट मांडला. बागेत दोन झेंडू होते. मायक्रोमीटर थोडा उघडून दोन्ही तोंडांना हळदीकुंकवाचा ठिपका लावला, अगदी जिथे माप घेतात तिथेच. हात जोडून म्हटलं, बाबा रे, त्याच्या गालाला जप. संध्याकाळी सुकल्यावर होता तसा डबीत ठेवला. तुमची पट्टीही पूजली. ती देव्हाऱ्यातच राहू दिलीये. तुमच्या हातची वस्तू, गॅरेजमध्ये हरवायची.

काल दसऱ्याच्या मुहूर्तावर अवधूतने मायक्रोमीटर बाहेर काढला, आकडीने शून्य लावलं आणि काम सुरू केलं. संध्याकाळी इतका खूश! म्हणाला, 'नळ्या मला वाटत होत्या त्याहून पातळच निघाल्या, फार सोलाव्या लागल्या नाहीत.' मामा, मला रडूच आलं. उगाच घाबरत होते मी इतके दिवस.

शनिवारी ११ तारखेला दहा वाजता क्लबची मॅच आहे. पहिल्यांदाच मी त्याच्याबरोबर जाणार आहे.

तुमची,
देवयानी

* * *

एडिनबरा,
११ ऑक्टोबर, शनिवार
सकाळी ९.४०

देवयानी,

आठवडाभर नीनाकडे अ‍ॅबर्डीनला होतो. आत्ता दार उघडलं तर तुझं पत्र पायपुसण्यावर पडलेलं. कोट अजून अंगात आहे.

तुला फोन लावला. मला ऐकू येत नाही, तरी रिंग वाजते की नाही तेवढं कळतं. तीनदा लावला, वाजलीच नाही. खाली निवेदिता राहते, हॉस्पिटलात नर्स आहे. ड्यूटीवरून येऊन झोपली होती, तिला उठवलं. ती दोघांच्याही फोनवर मेसेज टाकतेय. सारखं एकच वाक्य: गोळी झाडू नका.

९.५५. निवेदिता म्हणते, दोन्ही फोन बंद आहेत. क्लबचा नंबर शोधला, तिथे मशीन बोलतं. पत्राने काही होणार नाही, मला कळतं. पण नुसतं बसवत नाही.

चूक कुठे आहे ते लिहून ठेवतो. सुकलेलं कुंकू म्हणजे थर. फिरकीने दाबला तरी तीन शतांश राहतोच. अवधूतने शून्य त्या थरावर लावलं. मग थर पडला किंवा पुसला गेला, की मायक्रोमीटर प्रत्येक भिंत तीन शतांश पातळ सांगणार. नळ्या 'वाटत होत्या त्याहून पातळ निघाल्या' त्या यामुळे. त्या पातळ नाहीत. भिंत दोन्ही बाजूंना, म्हणजे मान सहा शतांशांनी जाड. आणि तुझं ते केसाएवढं अंतर असून असून पाच असेल.

१०.०५. सुरू झालं असेल. निवेदिता पोलिसांना फोन करतेय. नेमका कुठला क्लब ते मला सांगता येत नाही. 'मेडनहेडजवळ' एवढंच माहीत. मी तुला कधी नावच विचारलं नाही.

१०.२०. एकोणऐंशी साली आमच्या कारखान्यात प्रेशर गेज बनत. आतली पितळी नळी मी तपासून पुढे सोडायचो. एक नळी पातळ होती, मी पास केली. चाचणीच्या वेळी फुटली. चाचणी घेणाऱ्या रॉबर्टचा डावा डोळा गेला. चौकशीत मी सांगितलं की शून्य तपासायचं राहिलं. तुझं पत्र वाचताना मला त्याचा हात दिसत होता, चेहऱ्यावर धरलेला.

१०.४५. काही नाही.

११.१०. काही नाही. निवेदिताने चहा आणून ठेवला होता, तो गार झाला. हिच्या जागी तुझी आई, कुंदा, असती तर मला काय म्हणाली असती!

११.३०. निवेदिता जिन्यात आहे. पावलं ऐकू येत नाहीत, पण जिन्याचा कठडा हलतो.

* * *

मेडनहेड,
१२ ऑक्टोबर

ती. शशीमामांना नमस्कार.

मी अवधूत. आपलं पत्रानं बोलणं हे पहिलंच. काल निवेदिताताईंनी तुम्हाला सांगितलंच असेल की आम्ही दोघं सुखरूप आहोत. पण नीट काय झालं ते मी स्वतः लिहावं असं देवयानी म्हणाली. ती शेजारीच बसलीये, वाचू नकोस म्हटलं तरी वाचतेय.

दहा वाजता आमची पहिली फेरी होती. फोन गाडीत बंद करून ठेवलेले. मी आडवा झालो, पहिलं काडतूस घातलं आणि ते आत बसवणारा बोल्ट पुढे ढकलला. शेवटच्या पाव इंचाला तो जड झाला. अडला नव्हता, जड होता. तळहाताने दाबला असता तर बसला असता. डावी-उजवीकडे लोकांनी झाडायला सुरुवात केली होती. मागे वळून बघितलं. देवयानी कानांवर मफ लावून रेलिंगपाशी उभी होती, डोळे घट्ट मिटलेले, ओठ हलत होते.

तिचे ओठ बघितले आणि मला ते लाल आठवलं.

मामा, दसऱ्याच्या दिवशी मी शून्य लावलं, चार-पाच नळ्या मोजल्या, तेव्हा एका मानेच्या आत लाल डाग दिसला. मण्यावर बघितलं तर कुंकू. तिचं काम! मला हसू आलं. कागदाने पुसून टाकलं. तिला बोललो नाही, बिचारीला ओशाळल्यासारखं होईल म्हणून. पण आधी पुसायचं आणि मग शून्य, हे मी उलटं केलं होतं. चिठ्ठीत स्पष्ट लिहिलेलं, नवी वस्तू स्वच्छच असणार असं धरून मी ती पायरी गाळली. आडवा पडल्या पडल्या हे सगळं एकदम डोक्यात आलं.

बोल्ट मागे घेतला, काडतूस बाहेर काढलं, हात वर केला. 'मी बाद' म्हणालो. गाडीत येऊन फोन सुरू केले तर एकतीस मेसेज. सगळे एकच. देवयानीने वाचले आणि ती पार्किंगमध्ये खाली बसली. मग तिने मला सगळं सांगितलं, बार्बेक्यूपासून. घरी येऊन देव्हाऱ्यातली पट्टी काढली आणि मोजली. मायक्रोमीटर सत्तावीस म्हणाला.

एक गोष्ट तिलाही काल पहिल्यांदा सांगितली, तुम्हालाही सांगतो. प्रत्येक काडतूस घालताना मला भीती वाटते. पहिल्या दिवसापासून. घरी येऊन हसायचो ते तिला कळू नये म्हणून. नोकरी गेल्यापासून ती इतकी घाबरलेली होती, त्यात माझी कशाला भर घालू?

ती चाळीस काडतुसं आता क्लबच्या सेक्रेटरींसमोर उघडून सुटी करायची आहेत. मायक्रोमीटर चांगला आहे. दहाही वेळा सत्तावीसच म्हणाला.

तुमचा,
अवधूत

* * *

एडिनबरा,
१५ ऑक्टोबर

चि. देवयानी आणि चि. अवधूत,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. निवेदितालाही वाचून दाखवलं. तिला मराठी अर्धंच कळतं, पण ती रडली.

देवयानी, अवधूतने निवेदिताला फोनवर सांगितलं की तू दोन दिवस 'माझ्या कुंकवाने त्याला मारलं असतं' म्हणत बसली आहेस. तर आता तुझ्या मामाचं ऐक.

शनिवारी मी तुला लिहिलं की रॉबर्टच्या वेळी माझ्याकडून शून्य तपासायचं राहिलं. चौकशीतही तेच सांगितलं होतं. ते अर्धंच आहे. शून्य मी आदल्या दिवशी तपासलं होतं आणि ते बरोबर होतं. मग जेवणाच्या सुट्टीत, कोणी नाही असं बघून, मी ड्रॉवरमध्ये माझ्या मायक्रोमीटरची पूजा केली. खंडेनवमी होती. परक्या देशात एवढी एकच गोष्ट माझी स्वतःची होती. दोन्ही तोंडांना टिळा लावला आणि दुसऱ्या दिवशी त्या टिळ्यासकट मोजत गेलो. नळी होती त्यापेक्षा तीन शतांश जाड दिसली. संध्याकाळी मण्यावर लाल बघितलं, पण तोवर नळी पुढे गेली होती. मी कुंकू पुसलं आणि गप्प बसलो. सेहेचाळीस वर्षं गप्प बसलो. रॉबर्ट दर ख्रिसमसला मला कार्ड पाठवायचा. दोन वर्षांपूर्वी गेला. त्यालाही सांगितलं नाही.

हत्याराच्या तोंडाला टिळा लावायला कुंदाला मीच शिकवलं होतं, उद्यमनगरात, ती दहा वर्षांची असताना. अपघातानंतर तिला एक ओळ लिहायला हवी होती. चार वेळा लिहायला बसलो. ती 'का' म्हणून विचारणार, आणि ते सांगावं लागणार, म्हणून दर वेळी कागद फाडला. ती ओळ कुंदाला मिळाली असती तर तुला मिळाली असती, आणि अवधूत शनिवारी त्या बोल्टवर हात ठेवून अडकला नसता. तुझ्या कुंकवाचा यात काही दोष नाही.

ती ओळ आज लिहितो. टिळा मायक्रोमीटरच्या बाहेरच्या कमानीला लावावा, तोंडाला लावू नये.

पट्टी देव्हाऱ्यातून काढून अवधूतच्या पेटीत ठेव. आणि क्लबचं नाव कळव.

शशीमामा